डोंगरावर पोकलेन चढण्याआधी

मार्चच्या अखेरीस आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला पोकलेन लागला. दोन दिवसांत तांबडा रस्ता निघाला, चौथ्या दिवशी पऱ्यात भराव पडला. आम्ही पाचव्या दिवशी देवळात जमलो, सातव्या दिवशी तहसीलला गेलो, आणि तिथे कळलं की जमीन विकली जाऊन चौदा महिने झाले होते. फेरफाराची नोटीस चावडीवर रीतसर लागली होती. तिच्याच शेजारच्या पल्स पोलिओच्या पोस्टरपाशी आम्ही रोज गप्पा मारत उभे राहत होतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर खालच्या विहिरीतून पोहरा वर आला तो चहाच्या रंगाचा.

ते चौदा महिने आमच्या हातातले होते. खासगी जमिनीवरचं काम यंत्र लागल्यावर थांबवणं फार कठीण, पण यंत्राच्या आधी कागद हलतात आणि तेव्हा गावाचं म्हणणं ऐकलं जाण्याची शक्यता खरोखर असते. पुढचं सगळं रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनुभवावरून लिहितोय. मुळशी, मावळ, भोर किंवा वाईकडे शब्द बदलतील, पऱ्याचा ओढा होईल, पण वाट तीच.

मालकी जमिनीत मालकीचं काय नसतं

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडं. घाटाच्या पायथ्यापासून खाडीपर्यंत जे हिरवं दिसतं ते बहुतेक कुणाच्या तरी सातबारावर आहे. त्यामुळे वनखात्याकडे गेलं की पहिलं उत्तर येतं, "ती मालकी आहे हो." बरोबरच आहे. मालकाला जमीन विकायचा हक्क आहे, परवानगी घेऊन घर बांधायचाही आहे. त्यावर भांडलात तर हराल, आणि हरावंही.

पण मालकीच्या जमिनीत काही गोष्टी पूर्णपणे मालकाच्या नसतात. पहिली, पऱ्या. जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २० प्रमाणे नदी-नाल्यांचे तळ, कुणाची मालकी सिद्ध झालेली नसेल तर, शासनाचे. दुसरी, झाडं. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत साग, खैर, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, अंजन, चंदन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या परसातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तिसरी, मुरूम आणि दगड. ते गौण खनिज, त्यावर स्वामित्वधन भरावं लागतं. चौथी, पूर्वापार वहिवाटीची पायवाट.

पाचवी गोष्ट जरा गुंतागुंतीची. ३० ऑगस्ट १९७५ ला खासगी वने संपादन कायदा लागू झाला आणि त्याच्या व्याख्येत बसणारी खासगी जंगलं शासनाकडे गेली. सातबाराच्या 'इतर अधिकार' रकान्यात 'खाजगी वन' किंवा 'कलम ३५(३)' असं काही दिसलं तर थांबा, तो धागा महत्त्वाचा आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाने 'वन' या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ धरला, मालकी कुणाचीही असो. २०२३ मध्ये वनसंवर्धन कायदा बदलून ही व्याप्ती आवळण्यात आली, तेव्हा १९ फेब्रुवारी २०२४ ला न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन जुनीच व्याख्या पाळायला सांगितलं. म्हणजे 'मालकी आहे' हे उत्तर पुरेसं नाही. पण 'झाडी आहे म्हणजे वन आहे' हेही आपोआप सिद्ध होत नाही. त्यासाठी नोंदी लागतात, आणि तिथूनच काम सुरू होतं.

गट नंबर धरा

'वरचा डोंगर' नावाचं काही तहसीलमध्ये नसतं. गट नंबर असतो. तो हातात नसेल तर तुमचा अर्ज म्हणजे वर्तमानपत्राला लिहिलेलं पत्र.

महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट शोधा आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढा. लोक नावं वाचतात आणि कागद घडी घालून ठेवतात. नावांपेक्षा पोटखराब वाचा. पोटखराब 'अ' म्हणजे कातळ, खडक वगैरेमुळे पिकाला नालायक जमीन. पोटखराब 'ब' म्हणजे रस्ता, मान्य पायवाट, लोकांच्या वापराचा ओढा किंवा तळं, अशा सार्वजनिक कारणाखालची जमीन. आमच्या गटात 'ब' खाली चार गुंठे होते. प्लॉटच्या रंगीत नकाशात त्या चार गुंठ्यांवर क्लबहाउस काढलेलं होतं! सगळ्या प्रकरणात आमचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच ठरला, आणि तो पहिल्या पानावर उघडा पडलेला होता.

मग भोगवटादार वर्ग १ की २ ते बघा. वर्ग २ असेल तर विक्रीला बहुतेक वेळा सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि जुने फेरफार काढा. गाव नमुना १२ मध्ये गेल्या वीसेक वर्षांत काय पीक लावलंय तेही पाहा. तिथे दरवर्षी 'गवत' किंवा 'जंगल' असेल तर त्याची नक्कल जपून ठेवा.

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्या. जुन्या नकाशात पऱ्ये निळ्या किंवा तुटक रेषेने दाखवलेले असतात. 'इथे कधी ओढा नव्हताच, पावसाचं पाणी वाहतं एवढंच' या युक्तिवादाला त्या रेषेइतकं चांगलं उत्तर नाही. नगररचना कार्यालयातून त्या गटाचा झोन दाखला मागा. काही गावं हल्ली विशेष नियोजन प्राधिकरणाखाली गेलीत, तेव्हा परवानगी नेमकी कोण देतं हे विचारूनच घ्या. कलेक्टर, प्राधिकरण की नगरपंचायत, यावर पुढचे सगळे अर्ज अवलंबून.

आणखी एक जागा लोक विसरतात, ती म्हणजे महारेराचं, म्हणजे घर-प्लॉटच्या विक्रीवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं संकेतस्थळ. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर आठपेक्षा जास्त प्लॉट पाडून विकायचे तर नोंदणी लागते, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापावा लागतो. तो स्कॅन केला की मंजूर आराखडा, मालकीचे दस्त, वकिलाचा शोध अहवाल असं बरंच घरबसल्या मिळतं. माहिती अधिकारात महिना जातो ते दहा मिनिटांत. जमीन शेती म्हणूनच सामायिकात विकत असतील तर मात्र ती तिथे सापडणार नाही.

एनएवर फार भर देऊ नका, हे माझं स्वतःचं मत. अकृषिक परवानगी आणि तुकडेबंदी यांचे नियम गेल्या काही वर्षांत भराभर सैल होत आलेत. परवाचा बिनतोड मुद्दा आज टिकेलच असं नाही. पाणी, उतार, झाडं आणि मुरूम या चौघांवर उभं राहा.

पावसाआधी रान मोजून ठेवा

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून कुणी करत नाही. 'शेकडो वर्षांपूर्वीचे वृक्ष' असं लिहिलेला अर्ज मी पाहिलाय, त्यावर शेरा होता: 'संख्या नमूद नाही.'

झाडं मोजा. नाव, छातीच्या उंचीवरचा घेर, ढोबळ जागा. एका रविवारी सहा जणांत आमची दोनशे अकरा झाडं झाली. रानात शिरायचं तर मालकाला विचारून, नाही म्हणाला तर वहिवाटीच्या पायवाटेवरून जेवढं दिसतं तेवढं. दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच दिशेने फोटो काढा, तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटवणारं ॲप वापरून. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रह चित्रं असतात, त्यांच्याही प्रती काढा. विहिरीचं पाणी दर महिन्याला काचेच्या बाटलीत भरून चिठ्ठी लावून ठेवा. प्रयोगशाळेचा अहवाल हवाच, पण प्रांतसाहेबांच्या टेबलावर मे महिन्याची आणि जुलै महिन्याची बाटली शेजारी शेजारी ठेवली की बोलणं लवकर संपतं.

उतार मोजायला इंजिनिअर लागत नाही. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही खास क्षेत्रं सोडून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली आहे, आणि तिच्यात १:५ पेक्षा तीव्र उतार विकासासाठी धरत नाहीत. म्हणजे आडवे पाच मीटर गेल्यावर जमीन एक मीटरपेक्षा जास्त खाली जात असेल तर प्रश्न विचारायला जागा आहे. प्लंबरकडची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक वरच्या माणसाने जमिनीला टेकवून धरायचं. खालच्याने टेप आडवा, अगदी सरळ ताणून पाच मीटरवर काठी उभी करायची आणि नळीचं दुसरं टोक काठीला लावून वर-खाली सरकवायचं. दोन्ही टोकांची पाण्याची पातळी स्थिर झाली की काठीवर खूण करायची. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतची उंची म्हणजे पाच मीटरमधला उतार. आमच्याकडे ती एक मीटर साठ आली. तीन ठिकाणी मोजलं, वहीत लिहिलं, मोजणाऱ्यांच्या सह्या घेतल्या. ही सरकारी मोजणी नव्हे, पण तिच्यामुळे सरकारी मोजणी मागता येते.

डंपर मोजायचे ते वेगळ्या कारणासाठी. 'आम्ही आमच्याच जमिनीत सपाटीकरण करतोय' हे ठरलेलं उत्तर आहे आणि त्यात तथ्य असू शकतं. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की उकरलेली माती सरसकट गौण खनिज धरता येत नाही, तिचा वापर कशासाठी झाला ते पाहावं लागतं. म्हणून 'डोंगर पोखरला' एवढ्याने भागत नाही. माती गटाबाहेर गेली का, कुठे पडली, रस्त्याच्या भरावाला विकली का? गाडीचा नंबर, तारीख, वेळ, कुठल्या दिशेने. विनापरवाना उत्खनन ठरलं तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली लिहिली जाते की नाही ते तिथेच उभं राहून बघा.

मालकाशी बोलणं

आमच्या गटाच्या जुन्या सातबारावर सदतीस नावं होती. त्यातली नऊ गावात, बाकी नालासोपारा, दिवा, कळवा, एक जण मस्कतला. एजंट त्यांच्याकडे घरोघरी जाऊन कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेत फिरला, आम्ही एकालाही फोन केला नव्हता. झाडांचंही तसंच. लाकूडवाला अख्खा उतार उक्त्या बोलीने घेतो आणि कुटुंबाला गणपतीच्या खर्चाला चार पैसे मिळतात. त्या माणसाला जैवविविधतेवर व्याख्यान देऊ नका.

पुढच्या वेळी, दुसऱ्या गटासाठी, आम्ही आधी गेलो. मुंबईतल्या एका खोलीत बसलो होतो. मालक वयाने मोठे, नात्याने लांबचे काका.

"मला विकू नको म्हणून सांगायला आलात?"

"नाही काका. विका. पण पऱ्याच्या दोन्ही अंगाची पट्टी खरेदीखताबाहेर ठेवा."

"म्हणजे किती?"

"सहा गुंठे."

त्यांनी विचार करून विचारलं, "आणि त्या सहा गुंठ्यांची घरपट्टी-बिरपट्टी कोण भरणार?" घरपट्टीचा संबंधच नव्हता, पण त्यांना नकार द्यायचा नव्हता एवढं कळलं.

मागणी अशी छोटी आणि मोजता येणारी हवी. पऱ्यालगतची पट्टी सोडा. रस्ता सरळ वर न काढता उताराला आडवा, वळणं घेत काढा आणि आतल्या बाजूने गटार ठेवा. मातीकाम दिवाळीनंतर सुरू करून मार्चपर्यंत पुरं करा, एप्रिल-मेमध्ये उघडी माती ठेवून जाऊ नका. जुनी झाडं आराखड्यात दाखवा. यातलं बरंचसं विकत घेणाऱ्यालाही परवडतं, कारण पहिल्या पावसात रस्ता वाहून गेला तर खर्च त्याचाच. तोंडी कबुलीवर मात्र थांबू नका. खरेदीखतातच चतुःसीमेसह अट लिहून घ्या. अशी 'अमुक करणार नाही' स्वरूपाची अट, पुढच्या खरेदीदाराला तिची माहिती असेल तर, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४० मुळे त्याच्यावरही बजावता येऊ शकते. नोंदणी झालेली असेल तर 'मला माहीत नव्हतं' म्हणणं त्याला जड जातं.

ग्रामसभा

कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा, सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी तो आकडा लागतो. आमच्याकडे ऑगस्टच्या सभेला भातलावणी उरकून माणसं मोकळी असतात, विषय तेव्हा आणा. विषयपत्रिकेत आधी लेखी घालून घ्या. 'आयत्या वेळचा विषय' म्हणून घातलेला ठराव पुढे पहिल्याच सुनावणीत भुसभुशीत ठरतो.

ठरावाने खासगी व्यवहार थांबत नाही. 'गावात बाहेरच्यांना जमीन विकण्यास बंदी' असले ठराव करून टाळ्या मिळतात, उपयोग शून्य. उपयोगाचा ठराव साधारण असा:

'गट क्र. ___ मधून वाहणारा पऱ्या हा ___ वाडीच्या सार्वजनिक विहिरीचा व खालील ___ शेतकऱ्यांच्या शेतीचा जलस्रोत आहे. सदर पऱ्याच्या प्रवाहात कोणताही भराव वा बांधकाम होऊ नये, तसेच सदर गटात विकास परवानगी देण्यापूर्वी सक्षम प्राधिकरणाने ग्रामपंचायतीचे म्हणणे लेखी मागवावे व स्थळपाहणी करावी, अशी ही ग्रामसभा मागणी करते.'

त्याची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्या. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात आणि तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी, अर्जावर नवं पदनाम घाला, बोलताना जुनंच चालतं.

प्रत्येक ग्रामपंचायतीत जैविक विविधता कायदा २००२ खाली जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिची लोक जैवविविधता नोंदवहीही. ती मागून बघा. कपाटातून निघते ती बऱ्याचदा शेजारच्या गावाची नक्कल असते, वेळप्रसंगी त्यात समुद्री मासेही सापडतात आणि गाव असतं घाटाखाली. तुमची झाडांची यादी, पऱ्यातले मासे, सड्यावरची, म्हणजे कातळी पठारावरची पावसाळी फुलं, कातळातली डबकी हे सगळं समितीच्या ठरावाने त्यात नोंदवा. मग ती तुमची वही न राहता ग्रामपंचायतीचं दप्तर होते.

अर्ज कुणाला

एकच अर्ज पंधरा जणांना पाठवायची हौस असते. तसं केलं की पंधराही जण तो 'योग्य कार्यवाहीस्तव' एकमेकांना पाठवतात. एका कार्यालयाला एकच विषय द्या.

पऱ्यातला भराव आणि मुरूम तहसीलदाराकडे. झाडं वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे आणि प्रत महसूलला, कारण परवानगी देणारा अधिकारी जागेप्रमाणे बदलतो. लाकूड भरलेली गाडी दिसली तर वाहतूक पासाची विचारणा वनपालाकडे लगेच फोनवर करा. विनापरवाना प्लॉटिंग आणि बांधकाम नियोजन प्राधिकरणाकडे: प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५३ खाली काढून टाकायची आणि ५४ खाली काम थांबवायची नोटीस देता येते, अर्जात नेमकी ५४ ची मागणी करा. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणीय मंजुरी लागते. लवासाचं आठवत असेल. डोंगरावरचं शहर उभं राहत असताना २५ नोव्हेंबर २०१० ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नोटीस काढून काम थांबवायला लावलं, ते ही मंजुरी घेतली नव्हती म्हणून. मंजुरी असेल तर तिच्या अटी त्याच मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर असतात आणि दर सहा महिन्यांनी पूर्तता अहवाल द्यावा लागतो. तो अहवाल आणि जागेवरची वस्तुस्थिती यांतला फरक म्हणजे तुमचा अर्ज.

अर्ज एका पानाचा. पहिल्या ओळीत गाव, तालुका, गट नंबर. दुसऱ्या परिच्छेदात काय घडलं ते तारखेने. तिसऱ्यात एकच मागणी: 'स्थळपाहणी करून पंचनामा करावा व अहवालाची प्रत मिळावी.' 'निसर्गाचा ऱ्हास', 'भूमाफिया' हे शब्द खोडा. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. टेबलवाल्याने "ठेवून जा" म्हटलं तरी.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. महाराष्ट्रात तो एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. 'का परवानगी दिली' असं विचारू नका, 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. परवानगीची, पाहणी अहवालाची, स्वामित्वधनाच्या पावत्यांची प्रत मागा. त्याहून चांगलं म्हणजे अवलोकन मागा. फाइल समोर ठेवून पानं उलटली की जे मागायचं सुचलंच नसतं ते दिसतं. शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ अवलोकनाची सोय आहे, परिपत्रकाची छापील प्रत मात्र खिशात ठेवा.

दोन-तीन अर्जांनी हललं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन, महिन्याचा पहिला सोमवार. त्यासाठी विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

मुदती

हे कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

फेरफारावर हरकत: नोटिशीपासून १५ दिवस. माहिती अधिकार: उत्तराला ३० दिवस, पहिल्या अपिलाला पुढे ३०, दुसऱ्याला ९०. विकास योजनेचा मसुदा किंवा झोनबदलाची सूचना: साधारण महिनाभर, नेमके दिवस सूचनेत छापलेले असतात.

मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ फार कमी लोकांना ठाऊक आहे आणि माझ्या मते ते गरीबाचं सगळ्यात कामाचं हत्यार आहे. शेतजमिनीकडे येणारं किंवा तिथून जाणारं नैसर्गिक पाणी कुणी बेकायदा अडवलं आणि त्याने शेताचं वा पिकाचं नुकसान झालं किंवा होण्यासारखं असेल, तर तहसीलदार तो अडथळा काढायचा आदेश देऊ शकतो. शेतात जायची वाट अडवली तरी. दावा संस्थेच्या नव्हे, ज्याचं शेत आहे त्याच्या नावाने, आणि अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आमचा भराव मार्चमध्ये पडला. आम्ही ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात धावतपळत दावा टाकला. आणखी चार आठवडे निघून गेले असते तर दावा मुदतबाह्य झाला असता.

विहिरीचं सार्वजनिक पाणी बिघडत असेल तर सार्वजनिक उपद्रव म्हणून प्रांतांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली जाता येतं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १३३.

पुण्याचं हरित न्यायाधिकरण शेवटी ठेवा, पण मुदत संपेपर्यंत नाही. कलम १४ खाली सहा महिने, वर कारण दाखवून साठ दिवस. नुकसानभरपाई आणि पूर्वस्थितीसाठी कलम १५ खाली पाच वर्षं. नुकसानभरपाई मागत नसाल तर शुल्क हजार रुपये, स्वतः उभं राहता येतं. खुबी अशी की न्यायाधिकरण ठरावीक कायद्यांचेच प्रश्न ऐकतं: पाणी, हवा, वनसंवर्धन, पर्यावरण संरक्षण, जैविक विविधता. वन्यजीव कायदा आणि १९६४ चा वृक्षतोड कायदा त्या यादीत नाहीत. निव्वळ झाडांवर अर्ज केलात तर दारातूनच परत याल.

पोलीस, वकिली नोटिसा, मोबाइल

आमच्यातल्या तिघांना पोलीस ठाण्यातून शांतता राखण्याची नोटीस आली, त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची. घाबरून दोघं गळाले. ती नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे. घ्या, सही करा, प्रत ठेवा. दुसऱ्याच्या जमिनीत पाय ठेवू नका, यंत्रापुढे आडवे होऊ नका, ड्रायव्हरशी भांडू नका. तो बिहारचा किंवा कर्नाटकचा पोरगा रोजावर आलेला असतो. बदनामीची वकिली नोटीस आली तर व्हॉट्सॲपच्या एखाद्या फॉरवर्डवरून येते, अर्जावरून नव्हे. म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच नियम: तारीख, गट नंबर आणि फोटो, विशेषणं नाहीत. बिल्डरच्या बायकोच्या साडीवर विनोद करणाऱ्या आमच्याच एका सभ्य गुरुजींमुळे आम्हाला दोन महिने वकील धुंडाळावा लागला.

राखून ठेवायचं असेल तर

थांबवणं आणि राखणं ही दोन वेगळी कामं. थांबवलेलं काम पाच वर्षांनी नव्या मालकाच्या नावाने परत येतं.

वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ३६क (36C) खाली समुदाय राखीव क्षेत्र आहे, तेच खासगी आणि सामुदायिक जमिनीसाठी. मालकी मालकाचीच राहते, मात्र घोषणा झाल्यावर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शासनाची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. म्हणून सह्या करण्याआधी घरातल्या सगळ्यांना हे वाचून दाखवा. नाहीतर दहा वर्षांनी भावाभावांत जुंपते. लहान पण अनमोल जागेसाठी जैवविविधता वारसा स्थळ आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाचं कुंड एका छोट्याशा माशासाठी २०२१ मध्ये असं घोषित झालं, क्षेत्र फक्त २.११ हेक्टर. आकाराने लहान आहे म्हणून प्रस्ताव अडत नाही, नोंदी नसल्या की अडतो.

मोठ्या पट्ट्याचा प्रश्न न्यायालयात जातो आणि तिथे वर्षं लागतात. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आदेश दिला. तिथली पंचवीस गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करा हे सांगायला मार्च २०२४ उजाडला. पश्चिम घाटाच्या ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. तुमचं गाव त्या यादीत आहे का ते पाहा, पण सगळा भार त्यावर टाकू नका.

घरगुती मार्ग म्हणजे संवर्धन करार. संगमेश्वरच्या परिसरात एईआरएफ ही पुण्याची संस्था मालकांशी असे करार करत आली आहे: ठरावीक वर्षं रान तोडायचं नाही, बदल्यात मालकाला मोबदला. गावातल्या गावातही हे जमतं. आमच्या काकांचे सहा गुंठे आणि वरचं पाऊण एकर किंजळ-ऐनचं रान आज दहा वर्षांच्या नोंदणीकृत करारावर आहे. लाकूडवाल्याने देऊ केलेली रक्कम गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने वर्गणी काढून तीन हप्त्यांत दिली.

करार लिहिताना हे सुटू देऊ नका: क्षेत्र मोजणीच्या नकाशासह, गुरं चारायला आणि सुकी लाकडं वेचायला मुभा की नाही, मालक वारला तर वारसांवर बंधन, हप्ता चुकला तर काय. आणि वणवा. आमच्या पहिल्या मसुद्यात वणव्याचा शब्द नव्हता. फेब्रुवारीत शेजारच्या गटातून आग आली, मालक म्हणाले मंडळाने विझवायची, मंडळ म्हणालं रान मालकाचं. तोवर खालची चाळीसेक रोपं करपली. आता कलम आठमध्ये लिहिलंय: १५ जानेवारीपर्यंत चहूबाजूंनी तीन मीटरची जाळपट्टी, मजुरी मंडळाची, देखरेख मालकाची.